घोटीला तापणारा कॉम्प्युटर

आमचा कॉम्प्युटर घोटीला बंद पडायचा.

म्हणजे तो होता नाशिकमध्येच, आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर, पाण्याच्या पंपाशेजारच्या खोलीत. पण माझ्याकडे संध्याकाळी शिकायला येणाऱ्या अकरा मुलांनी ‘आपला नाशिक जिल्हा’ नावाचा अठरा मिनिटांचा चित्रांचा कार्यक्रम तयार केला होता. पडद्यावर एकेका गावाची चित्रं यायची आणि ज्याच्या वाट्याला ते गाव आलं असेल त्यानं उभं राहून माहिती सांगायची. सुरुवात कळवणपासून. बाराव्या मिनिटाला घोटी. घोटीचा भात पडद्यावर हिरवागार डोलू लागला की कॉम्प्युटर एक उसासा टाकायचा आणि काळा व्हायचा. मग त्याला अर्धा तास विश्रांती. घोटीनंतरची तीन मुलं आणि सगळ्यात शेवटी पेठ सांगणारी मैना, यांची गावं कोणी पाहिलेलीच नव्हती.

हे मार्चच्या सभेत साऱ्या सोसायटीसमोर घडलं, म्हणून प्रकरण वाढलं. आमचे अध्यक्ष धात्रक यांना ती खोली मांडवाचं सामान आणि मोडक्या खुर्च्या ठेवायला हवी होती. त्यांनी काळ्या पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सभेला म्हणाले, “सरांबद्दल आदर आहे. पण जे यंत्र घोटीच्या पुढं जात नाही, त्याच्यासाठी सोसायटीनं खोली का अडवावी? एक मेला झेंडावंदन झाल्यावर पुन्हा दाखवा. अठरा मिनिटं चाललं, तर खोली मुलांची. नाही चाललं, तर खुर्च्यांची.”

मैनाचे आजोबा सावळीराम माझ्या शेजारी बसले होते. मखमलाबादला त्यांची फुलांची आणि भाजीची शेती. ते कुजबुजले, “गुरुजी, मग पेठपासून सुरू करा ना. म्हंजी आमची मैना तरी व्हईल.”

“आणि कळवणचा मयूर रडेल त्याचं काय?”

“त्येबी खरं हाय.”

 मैनाच्या शेवटच्या चित्रात तिच्या आईची आई, झुंबरबाई, पेठच्या उतारावर नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, शेतात उभी होती. एक मेला मी तुला पडद्यावर दाखवते, असा निरोप मैनानं आजीला आधीच धाडलेला होता, आणि झुंबरबाईंनी येते म्हणून कळवलंही होतं.

आता, कॉम्प्युटर तापून बंद पडतो हे मी शोधून काढलं होतं. त्यासाठी फार बुद्धी लागली नाही, बाजूला हात ठेवला की कळत होतं. उपायही घरातल्या घरात सुचवला गेला होता. माझी पत्नी आशा म्हणाली, “अहो, तो डबा उघडून आतून एकदा पुसून का नाही घेत?”

छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाला पुसून घ्या म्हणणं किती सोपं असतं! शिवाय उघडण्याचा प्रश्नच नव्हता. कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूवर कंपनीचं कागदी सील होतं आणि त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे सील फाटल्यास वॉरंटी संपेल. वॉरंटी तीन वर्षांची, २७ एप्रिल २००६ पर्यंत. पुसताना ओल्या फडक्यानं सील झिजू नये म्हणून मी त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवली होती. आशा आठवड्याला त्या सीलच्या कडेकडेनं पुसायची आणि पुसताना जे काही पुटपुटायची ते मी ऐकत नसे.

कंपनीला मी रीतसर पत्र लिहिलं. उत्तर आलं की मूळ पावतीची प्रत तीन प्रतींत पाठवा. पाठवली. मग एका सकाळी आठ वाजता, गारव्याला, कंपनीचा माणूस आला. त्यानं कॉम्प्युटर सुरू केला, आशानं दिलेला चहा घेतला, दहा मिनिटं पडद्याकडे पाहिलं आणि ‘दोष आढळला नाही’ असं लिहून माझी सही घेतली.

“अहो, अजून दोन मिनिटं थांबा. घोटी येऊ द्या.”

“सर, मला घोटीलाच जायचंय. साडेनऊची गाडी आहे.”

“निदान उघडून तरी बघा.”

“उघडायचा आदेश नाही.”

इथे कोणीही सामान्य माणूस हरला असता. मी कॅनडा कॉर्नरला जीवनच्या दुकानात गेलो. जीवन कॉम्प्युटर विकतो, दुरुस्त करतो आणि समोरच्याचं वय पाहून आवाज मोठा करतो. त्याच्या टेबलावर एक इंग्रजी मासिक पडलं होतं आणि त्यात एक चित्र होतं. कॉम्प्युटरच्या पोटात प्रोसेसरवर, म्हणजे सगळी गणितं करणाऱ्या त्या चौकोनी तुकड्यावर, एक तांब्याचा ठोकळा बसवलेला. ठोकळ्यातून पाणी वाहतंय. छोटा पंप ते पाणी नळीनं बाहेरच्या रेडिएटरकडे नेतोय, तिथे पंखा त्याला गार करतोय आणि गार पाणी पुन्हा प्रोसेसरकडे. मी खुर्चीतून ताडकन उठलो. हे तर आठवीच्या पुस्तकातलं उष्णतेचं वहन होतं, साक्षात!

“सर, हे शौकीन पोरांसाठी असतं,” जीवन ओरडला. “गेम खेळणाऱ्यांसाठी. तुम्ही आधी मला उघडू द्या.”

“सत्तावीस एप्रिलनंतर.”

“सर, मी सील नीट काढून नीट चिकटवतो. कोणाच्या बापाला कळणार नाही.”

“मला कळेल,” मी म्हणालो. हे वाक्य मला फार आवडलं आणि मी ते घरी जाऊन आशालाही सांगितलं. ती म्हणाली, “कळेल ना. तेच तर म्हणतेय, आत काय आहे ते कळेल.”

जीवननं तीन कूलरांचे छापील कागद दिले. निवड मुलांसमोर करायची मी ठरवलं, कारण निवड कशी करावी हे शाळेत कोणी शिकवत नाही आणि मग माणसं आयुष्यभर साड्यांच्या दुकानात बसून राहतात. फळ्यावर मी तिन्ही कूलरांचं प्रगतिपुस्तक काढलं. पहिला लहान, एका पंख्याचा. दुसरा थोराड, दोन पंख्यांचा, रेडिएटर मोठा. तिसऱ्याच्या नळ्या काचेसारख्या आणि त्यातून निळा उजेड पडणारा. विषय ठरवले: पंपाचं बळ, रेडिएटरची रुंदी, नळीची जाडी, आवाज, गळती आणि वर्तणूक.

“सर, वर्तणूक कशी बघायची?” मयूरनं विचारलं.

“गळला नाही तर चांगली.”

आधी उष्णतेचा धडा झाला. आशाच्या स्वयंपाकघरातून मी पळी आणली, मेणबत्तीवर तापवली आणि विचारलं, “फुंकर घालून लवकर गार होईल की पाण्यात बुडवून?” अकरा हात वर झाले. पाण्यात पळी चुर्र झाली. मुलांना कळलं. पळी काळी झाली हे आशालाही कळलं.

मैनानं हात वर केला. “सर, पण आत्तासुद्धा आत पंखा आहे ना? तो फिरतो का?”

“छान प्रश्न! त्याकडे आपण नंतर येऊ,” मी म्हणालो आणि नळीच्या जाडीकडे वळलो. शिक्षकाच्या तोंडून ‘छान प्रश्न’ निघालं की समजावं, उत्तर मिळणार नाही. हे मी इतकी वर्षं करत आलो होतो, पण लक्षात आलं त्या मे महिन्यात.

गुण मोजल्यावर दुसरा कूलर पहिला आला. मग मुलांनी मतदान मागितलं आणि अकरा विरुद्ध एक मतानं निळा उजेडवाला निवडून आला. मी एकटा थोराड कूलरच्या बाजूनं उरलो. दोन दिवस समजूत घालून थोराड कूलर मागवला आणि त्याच्या टाकीच्या पाण्यात निळा रंग घालायचं कबूल केलं.

तोपर्यंत सोसायटीला बातमी लागली होती. सावळीराम हिरव्या-काळ्या नळीचं एक भेंडोळं घेऊन आले. “गुरुजी, कंपनीची नळी कशाला? ही ठिबकची हाय. माझी कोबी जगली हिच्यावर. थेंब थेंब सोडायचं, हळूहळू मुरतंय.”

“सावळीरामभाऊ, पाणी मुरायला नको. एक थेंब जरी मुरला तरी यंत्र जाईल.”

“अस्सं? मग उलटं हाय समदं.”

समोरच्या गॅरेजचा गोरक्ष तर रेडिएटरच घेऊन आला, एका भंगारातल्या टेम्पोचा. तो कॉम्प्युटरपेक्षा मोठा होता. मी आभार मानून तो परत केला. तरी त्यानं बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याचे दोन कॅन ठेवून घ्यायला लावलेच. “नळाचं पाणी नका घालू गुरुजी. क्षार धरतात. अन् एक विचारू? गाडी गरम झाली की आम्ही पयलं बॉनेट उघडून बघतो. तुम्ही बघितलं का?”

“सत्तावीस एप्रिलनंतर,” मी म्हणालो.

धात्रकांनी लेखी हरकत घेतली. विजेच्या यंत्रात पाणी सोडणे हे सोसायटीच्या सुरक्षेच्या विरुद्ध असून, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन या दोघांचेही ना हरकत पत्र जोडावे. प्लंबर म्हणाला, “विजेचं काम आहे, माझी हरकत कशी असेल?” इलेक्ट्रिशियन म्हणाला, “पाण्याचं काम आहे, त्याची सही आणा, मग मी करतो.” शेवटी दोघांना एकाच वेळी घरी बोलावलं, समोरासमोर बसवलं, आशानं उपमा केला आणि एकाच कागदावर दोघांनी एकाच क्षणी सही केली. दोघांनाही आता तिथून निघायचं होतं.

कूलर मुंबईहून ट्रान्सपोर्टनं आला आणि जकात नाक्यावर अडकला. दोष नाक्यावरच्या कारकुनाचा नव्हता. त्याच्यापुढच्या छापील तक्त्यात अशा वस्तूला रकानाच नव्हता. पावतीवर लिहिलं होतं: पंप, रेडिएटर, पंखा, नळी.

“शेतीचा पंप आहे का?” त्यानं विचारलं.

“नाही.”

“मग रेडिएटर कुठल्या गाडीचा?”

“गाडीचा नाही. कॉम्प्युटरचा.”

“काका, कॉम्प्युटरला रेडिएटर नसतो.”

हे ऐकून मला राहवलं नाही. मी त्याच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि आकृती काढली. बाण दाखवले. गरम पाणी तांबड्या पेननं, गार पाणी निळ्या पेननं. हळूहळू मागे उभे असलेले ट्रकवाले पुढे सरकले. एकानं विचारलं, पाणी आटलं तर? मी म्हणालो, उत्तम प्रश्न, आणि त्याचं उत्तर मात्र दिलं. पंचवीस मिनिटांचा तो तास मी आयुष्यात घेतलेल्या चांगल्या तासांपैकी एक होता. कारकुनानं शेवटी ‘इतर’ असं लिहिलं. निघताना एक दाढीवाला ड्रायव्हर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “मास्तर, समजलं सगळं. पण गरम का होतं ते बघितलं का आधी?”

सगळा जिल्हा मला एकच गोष्ट सांगत होता. मी सत्तावीस तारखेची वाट पाहत होतो.

सत्तावीसची वाट पाहून झाली. अठ्ठावीसला सकाळी दहा वाजता जीवन पेचकस घेऊन आला. अकरा मुलं जमिनीवर अर्धवर्तुळात बसली. आशानं पन्ह्याचा जग आणला. टेबलावर थोराड कूलर, दोन कॅन, निळा रंग आणि माझ्या हातात तीन वर्षं जपलेल्या सीलकडे शेवटचं पाहायला चष्मा. जीवननं चिकटपट्टीसकट सील फाडलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

पत्रा निघाला. जीवन वाकला.  मोठ्यानं बोलणाऱ्या माणसाचा आवाज उतरला की काळजी वाटते.

“सर,” तो अगदी हळू म्हणाला, “इथे पूजा झालीये.”

प्रोसेसरवरच्या पंख्यावर वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या होत्या. धातूच्या कडांमध्ये कुंकू लावलेल्या अक्षता ओळीनं अडकलेल्या. हळदीची पूड सगळीकडे. आणि पंख्याच्या दोन पात्यांमध्ये, त्याला सूतभरही हलू न देता, तपकिरी झालेलं एक आपट्याचं पान. पंखा दसऱ्यापासून फिरलेलाच नव्हता. थंडीत निभावलं, मार्चमध्ये घोटी आली.

मला दसरा आठवला. मुलांना यंत्राचा आदर करायला शिकवावा म्हणून मी कॅबिनेट पाटावर आडवं निजवलं होतं. बाजूची जाळी वर आली, तेच त्याचं तोंड मानलं. सावळीरामांनी मळ्यातल्या झेंडूची टोपलीभर फुलं दिली होती. अकरा मुलांनी मूठमूठ अक्षता वाहिल्या. मी फार सुंदर बोललो होतो. कॉम्प्युटर हाही आपला गुरूच, म्हणून त्यालाही सोनं देऊया, असं.

“पण पान आत कसं गेलं?” जीवन म्हणाला. “अक्षता पडल्या समजू. पान पडत नाही, सर. हे कोणीतरी घातलंय.”

मुलं माझ्याकडे बघत होती.  मी म्हणालो, “कोणी घातलं असेल तर सांगा. मी रागावणार नाही.”

मैना उभी राहिली. तिनं आधी जमिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “सर, तुम्ही. पान वाऱ्यानं सारखं उडत होतं. तुम्ही म्हणालात थांबा, आणि जाळीतून आत खोचलंत.”

आशा पन्हं ओतत होती. तिची धार जराही हलली नाही. हे कौशल्य मी लग्नाला चाळीस वर्षं होऊनही आत्मसात करू शकलो नाही.

जीवननं ब्रशनं सगळं झटकलं. पान निघालं, पंखा फिरला. कॉम्प्युटर बारा मिनिटं चालला, अठरा चालला, तास झाला तरी चालला. पत्र्यावर हात ठेवला तर नुसता कोमट. “सर, आता कूलर नका बसवू,” जीवन म्हणाला. “उगीच पाण्याचा धोका.” कूलर टेबलावरच राहिला.

एक मेला झेंडावंदनानंतर सगळी सोसायटी खोलीत मावली नाही, काहीजण खिडकीत उभे राहिले. कळवण झालं. घोटी आली आणि सगळ्यांनी श्वास रोखला. घोटीचा भात डोलला, डोलतच राहिला आणि पुढे गेला. खिडकीतून सावळीराम ओरडले, “घोटी गेली! घोटी गेली!” मग तीन गावं, आणि शेवटी पेठ. मैना उभी राहिली. तिनं नागली कधी पेरतात, रोपं उपटून पुन्हा कशी लावतात, हे सगळं न अडखळता सांगितलं. पडद्यावर झुंबरबाई आल्या, पडदाभर. पुढच्या रांगेत बसलेल्या झुंबरबाई त्यांच्याकडे एकटक बघत राहिल्या.

“मीच हाय व्हय ही?” त्या म्हणाल्या. “अन् पदर नीट कर म्हणून का नाय सांगितलं गं फोटू काढताना?”

टाळ्या थांबल्यावर धात्रक उठले. ते खरोखर आनंदले होते, आणि तेच जड गेलं. “मान्य! खोली मुलांची. आणि सरांनी आणलेल्या या पाण्याच्या कूलरची कमाल आहे. मी सुचवतो, सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरलाही असाच एक घ्यावा.”

सगळे कूलरकडे बघू लागले. टेबलावर तो निळ्या पाण्यानं भरलेला, चालू, घुर्र करत बसला होता. मुलांनीच हौसेनं नुसता पंप सुरू केला होता. त्याची एकही नळी कॉम्प्युटरला जोडलेली नव्हती, पण पाच फुटांवरून कोणाला कळणार! मी आभार मानून खाली बसू शकत होतो. अगदी बसत होतोही. पण अकरा मुलं माझ्याकडे बघत होती, अठ्ठावीस तारखेला बघत होती तशीच.

“अध्यक्षसाहेब,” मी म्हणालो, “कूलर जोडलेला नाही. पंख्यात दसऱ्याचं सोनं अडकलं होतं. ते मी खोचलं होतं.”

 आधी गोरक्ष हसला, मग सावळीराम, आणि मग खिडकीतले सगळे. धात्रकांनी हसू दाबत वही उघडली. “खोली दिली ती दिली. पण ठराव करावा लागेल. लिहा: सोसायटीच्या आवारातील यंत्रांची पूजा यापुढे किमान दोन हात अंतरावरून करावी. सूचक?”

“मी,” आशा म्हणाली.

कूलरचं विचाराल तर तो आमच्या स्वयंपाकघरात आहे. तांब्याचा ठोकळा तापल्या दुधाच्या पातेल्याखाली ठेवला की दही लावण्याइतकं कोमट लवकर होतं; मुलं घड्याळ लावून तक्ता करतात, आणि मी उष्णतेचं वहन शिकवतो. वर्तणूक चांगली. आजवर गळला नाही.

त्या वर्षीच्या दसऱ्यालाही आम्ही पूजा केली. कॅबिनेट उभंच ठेवलं. मुलांनी आधीच जाळीवर वर्तमानपत्र चिकटवलं होतं, चारी बाजूंनी. अक्षता दोन हात अंतरावरून. सगळं झाल्यावर मी आपट्याचं पान हातात घेऊन सवयीनं पुढे झालो, तेवढ्यात मैनानं ते माझ्या हातातून काढून घेतलं. मला वाकून नमस्कार केला आणि ते पान माझ्या सदऱ्याच्या खिशात खोचलं, नीट, आतपर्यंत.

“तुम्हाला चालेल, सर,” ती म्हणाली. “तुमच्यात पंखा नाहीये.”